उत्तनची मोकळी जागा

ज्या जागेत मी आठवड्यापूर्वी हरवले होते, ती जागा नकाशात मोकळी होती.

काहीतरी गडबड आहे, हे मला पहिल्यांदा तिथेच जाणवलं. जिग्नेशच्या मॉनिटरवर उत्तनचा किनारा उघडलेला होता. घरं होती, धक्का होता, खडक होते, नारळाची झाडंसुद्धा एकेक गोल करून काढलेली. आणि मधोमध एक पांढराशुभ्र चौकोन. त्यावर लिहिलेलं: मोकळी जागा.

"इथे काहीतरी असतं ना," मी म्हणाले.

"काय असतं?"

"त्याला काय म्हणतात ते नक्की माहीत नाही. पण मी तिथे हरवले होते."

"मोकळ्या जागेत?"

"हो."

जिग्नेशने माझ्याकडे बघितलं, मग चौकोनाकडे, मग परत माझ्याकडे. "मधुरा, तू सकाळपासून काही खाल्लंयस का?"

खाल्लं होतं. उपमा. पण त्याने असं विचारल्यावर मलाच वाटायला लागलं, की आपण दुसरीकडेच कुठेतरी हरवलो असू.

*

आमचं ऑफिस मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कात, एका ड्रायक्लीनरच्या वरती. काम नकाशांचं. माणसं तीन: मालक साळवी सर, कॉम्प्युटरवर नकाशे काढणारा जिग्नेश, आणि मी. एका मोठ्या कन्सल्टंटकडे किनारा सुशोभित करायचं काम होतं, त्यातले नकाशे त्यांनी आम्हाला दिले होते. त्यांना नकाशावर आणि पुढे लागणाऱ्या बोर्डांवर 'लोकल शब्द' हवे होते. म्हणजे समुद्राच्या आणि खाडीच्या कडेच्या जमिनीला इथली माणसं काय काय म्हणतात, ते गोळा करून आणायचं. ऑफिसात मराठी घेऊन बीए केलेली मी एकटीच, म्हणून मला पाठवलं.

मी अशी मुलगी आहे, की रिक्षावाल्याने मागून हॉर्न दिला तर त्याला सॉरी म्हणते. अशा मुलीला किनाऱ्याकिनाऱ्याने अनोळखी माणसांशी बोलायला पाठवल्यावर किस्से होणारच. ते मी जमवत नाही. चिखल सलवारीला लागतो तसे ते लागत जातात, घरी आल्यावर दिसतात.

*

पहिल्या दिवशी धीर द्यायला साळवी सर स्वतः आले. घोडबंदरला, खाडीच्या बाजूला. सरांचं बालपण गिरगावात गेलेलं. त्यामुळे पाण्याच्या कडेला जे काही असतं ते त्यांच्या हिशेबात चौपाटी. चिखल असला तरी चौपाटी, दगड असले तरी चौपाटी.

एका घराच्या ओट्यावर आजोबा जाळं दुरुस्त करत बसले होते. सरांनी अदबीने विचारलं, "काका, किनारा कुठून सुरू होतो हो?"

आजोबांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. "आत्ता, का संध्याकाळी?"

सर माझ्याकडे बघायला लागले. मी वहीकडे.

"म्हणजे कायमचा," सर म्हणाले.

"कायमचा? तो बांध दिसतोय ना, तिथून."

आतून आजी ओरडल्या, "बांधावरून काय? गेल्या वर्षी पाणी चुलीपर्यंत आलं ते विसरलात? लिहा हो, आमच्या चुलीपासून."

"तेव्हा उधाण होतं गं. उधाण धरायचं नसतं."

"तुम्ही न्हाय धरलंत. भांडी कोणी धरली?"

पुढचा बराच वेळ आमच्याकडे कोणी बघितलंच नाही. ते दोघं भांडत होते आणि आम्ही उन्हात उभे. शेवटी आजोबांनी हात जोडले आणि सरांना म्हणाले, "तुम्ही चुलीपासूनच लिवा. मला जेवायचंय हितं."

*

त्यानंतर सर आले नाहीत. मी एकटी भाईंदर पश्चिमेला, राई-मुर्ध्याच्या बाजूला गेले. तिथली तिवरांची दलदल, भरतीला पाण्याखाली आणि ओहोटीला उघडी पडणारी. तिला खाजण म्हणतात एवढं मला पुस्तकातून माहीत होतं. पुस्तकात हे नव्हतं, की खाजणात उभं राहिलं की पायाखालची जमीन उडी मारते.

खरंच मारली. एक ढेकूळ उडालं, मग दुसरं, मग सगळा चिखलच टुणटुण करायला लागला. मी किंचाळले. एक बूट चिखलात राहिला. घाबरून मी ऑफिसला फोन लावला आणि एवढंच म्हणू शकले, "सर, जमीन हलतेय."

फोन कट झाला. मला वाटलं रेंज गेली.

रेंज गेली नव्हती. सर 'भूकंप' म्हणत जिन्याने खाली पळाले होते. त्यांच्या मागे जिग्नेश, छातीशी मॉनिटर कवटाळून. त्यांना बघून ड्रायक्लीनर बाहेर, त्याच्या मागे सगळी बिल्डिंग खाली. तिसऱ्या मजल्यावरच्या शेख आंटी कुकरसकट उतरल्या होत्या.

तिकडे एक गुराखी बाई माझा बूट काठीने काढून देत होत्या. "निवटी हाय ती, बाय. मासा. चिखलात उड्या मारतो. कालवण चांगलं व्हतं."

मी संध्याकाळी ऑफिसला पोचले तेव्हा शेख आंटींनी जिन्यातच गाठलं. "बेटा, मेरी दाल कच्ची रह गई. अगली बार मछली हिले तो मछली बोलना."

*

खाजणाचं दुखणं तिथे संपलं नाही. जिग्नेशच्या सॉफ्टवेअरमध्ये दोनच पर्याय. जमीन नाहीतर पाणी.

"फायनल बोल," तो म्हणाला. "पानी के जमीन?"

"दोन्ही. दिवसातून दोनदा हे, दोनदा ते."

"तसं बटन नाहीये."

"मग अर्धं अर्धं कर."

त्याने केलं. मनापासून केलं. एक पट्टा निळा, एक पट्टा तपकिरी, असं अख्खं खाजण. प्रिंट काढली. सरांनी ती दोन्ही हातांनी उचलली, खिडकीपाशी नेली, उलटी करून बघितली.

"जिग्नेश," ते म्हणाले, "हा नकाशा आहे का माझा नाइट ड्रेस?"

कन्सल्टंटकडून उत्तर आलं, की रंग छान आहेत, पण 'खाजण' शब्द बोर्डावर बरा दिसणार नाही, जरा फ्रेश काहीतरी सुचवा. मी तीन दिवस विचार केला. दलदलीला फ्रेश शब्द काय असतो, ते मला अजून सुचलेलं नाही.

*

याच काळात ऑफिसात रोज एका माणसाचा फोन यायला लागला. "मॅडम, कल भरती कितने बजे?"

मला वाटलं मच्छीमार असेल. मी वेळ बघून सांगायचे. तो दुवा देऊन फोन ठेवायचा. मला बरं वाटायचं, आपल्या कामाचा कोणालातरी उपयोग होतोय.

एकदा रविवारी मी आई-बाबांबरोबर फ्लॅट बघायला गेले. आम्ही परळहून इकडे आलो तेव्हापासून बाबांना खिडकीतून समुद्र हवा होता. एजंटने सातव्या मजल्याची खिडकी उघडली. समोर लांबपर्यंत पाणी, उन्हात चमचम. बाबा खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. आईने त्यांचा हात धरला.

तेवढ्यात एजंटचा फोन वाजला आणि तो म्हणाला, "नहीं नहीं, शाम को नहीं दिखाऊंगा, शाम को सूखा रहता है."

आवाज ओळखीचा वाटला.

"तुम्ही रोज भरतीची वेळ विचारता ना?" मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला. "अरे, मॅडम आप? आपकी वजह से तो दो फ्लैट निकले हैं."

बाबांनी मला विचारलं, की ओहोटीला इथे काय असतं. मी सांगितलं, खाजण. बाबा खिडकीतून बघत राहिले आणि म्हणाले, "आपण भरतीलाच घरी असू." आईने तो विषय तिथेच बंद केला.

*

आता उत्तन.

मी गेले ते दिवाळीनंतर. उतरले तर सगळीकडे बोंबलाचा वास, आणि समोर बांबूच्या उंच रांगा. खांबांना आडव्या दोऱ्या, आणि दोऱ्यांवर जोडीजोडीने लटकवलेले बोंबील. एकामागे एक, पडदेच पडदे. त्यांच्या कडेला एक पांढरा क्रूस, आणि क्रूसाच्या पायरीवर टोपल्या घेऊन बसलेल्या दोघी. एक फिलू आंटी, दुसरी त्यांची जाऊ रोझी आंटी.

मी वही उघडली. "या जागेला तुम्ही काय म्हणता?"

"बंदर," रोझी आंटी म्हणाल्या.

"बंदर तिकडं, जिथं व्हड्या लागतात," फिलू आंटी म्हणाल्या. "ही आमची काठी."

"काठी तुझी. माझी काठी त्या रांगेपासून."

"ऐकलंस? हिची काठी. लग्नात घेऊन आली हितं."

"मी न्हाय आणली, माझ्या सासूने दिली. तुझी पण सासू तीच."

मी वहीत 'बंदर' लिहून खोडलं, 'काठी', म्हणजे बांबू रोवलेली जागा, असं लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मग भीतभीत म्हणाले, "आंटी, नकाशावर एकच नाव लिहायचंय."

फिलू आंटींनी हातातला बोंबील टोपलीत टाकला. "तुझ्या घरात सैपाक करता त्या खोलीला काय नाव हाय?"

"किचन."

"त्यावर बोर्ड लावलाय?"

"नाही."

"मग सैपाक चुकतो का कोणाचा?"

दोघी हसायला लागल्या. मीही हसले, का ते नीट न कळता. मग मी म्हटलं, आपण आत जाऊन जरा बघून येऊ. चार रांगा ओलांडल्या आणि वळले तर आले कुठून तेच कळेना. इकडे बोंबील, तिकडे बोंबील, वर बोंबील. समुद्राचा आवाज सगळीकडून सारखाच येत होता. फोटो काढत होते ते थांबवलं. "आंटी?" म्हणून हाक मारली. कोणी ओ दिली नाही. परत मारली. आणि माझ्या कानाजवळून, बोंबलांच्या पडद्यातून, एक हात बाहेर आला.

मी इतक्या जोरात ओरडले की पलीकडच्या रांगेतले कावळे उडाले.

"अगं मीच," पडद्यामागून फिलू आंटी म्हणाल्या. "धर हात. उन्हाळ्यात आमची पोरं पण हरवतात. रडत न्हायत पण एवढी."

निघताना त्यांनी त्यांचा, रोझी आंटीचा आणि नवऱ्याचा, पास्कू अंकलचा, असे तिन्ही नंबर दिले. आणि एक गोष्ट सांगितली, जी मी तेव्हा वहीतसुद्धा लिहिली नाही, इतकी साधी वाटली. पाऊस लागायच्या आधी हे सगळे बांबू काढतात. घरी नेऊन रचून ठेवतात, नाहीतर सडतात. पाऊस सरला की परत रोवतात. दर वर्षी त्याच खड्ड्यांत. कोणाचा खड्डा कुठला, हे सगळ्यांना पाठ.

*

म्हणून तो चौकोन बघून मला कसंतरी झालं. जिग्नेशला विचारलं, नकाशा ज्या साइट फोटोंवरून काढला ते कधीचे? त्याने बघितलं. ऑगस्टचे. फोटोत हिरवंगार गवत, दोन बकऱ्या आणि क्रूस. बाकी काही नाही.

"मग बरोबर तर आहे," जिग्नेश म्हणाला. "मोकळंच दिसतंय."

"पावसात मोकळं. आता जा आणि बघ."

"मधुरा, मला बोंबलाचा वास नाय सहन होत, तुला माहितीये." जिग्नेशच्या घरी कांदासुद्धा चालत नाही.

मी सरांकडे गेले. सरांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "त्या चौकोनावर काय यायचंय, माहितीये ना तुला?"

माहीत होतं. पार्किंग. लोक गाड्या घेऊन सूर्यास्त बघायला येतील, त्यांच्यासाठी. डांबर घातल्यावर खड्डा कुठला आणि कोणाचा, हे पाठ असून काय उपयोग? फिलू आंटींच्या घरचं वर्षभराचं सुकं त्या काठ्यांवर सुकतं.

"कन्सल्टंटचे साहेब शुक्रवारी येतायत," सर म्हणाले. "तेव्हा बोल. मी आहे."

सर नेहमी 'मी आहे' म्हणतात. घोडबंदरलाही म्हणाले होते.

*

शुक्रवारी साहेब आले. तरुणच होते, चांगले बोलणारे, बूट बाहेर काढून आत आले. नकाशे भिंतीवर लावलेले. खाजणाजवळ थांबून हसले, "हे मला आवडलं." मग उत्तनपाशी आले आणि पांढऱ्या चौकोनावर बोट ठेवलं.

"हे परफेक्ट आहे. आज हे फायनल करून टाकू."

सरांनी माझ्याकडे बघितलं. जिग्नेशने माझ्याकडे बघितलं.

"साहेब, ती जागा मोकळी नाहीये," मी म्हणाले. "तिथे बोंबील वाळवतात."

"कोण?"

"फिलू आंटी. रोझी आंटी. बऱ्याच जणी."

"फोटो?"

मी मोबाइल पुढे केला. पहिल्या फोटोत बोंबील. दुसऱ्यात बोंबील, जवळून. तिसऱ्यात माझा अंगठा. चौथा हललेला. साहेब शांतपणे एकेक बघत गेले.

"हे कुठेही असू शकतं," ते म्हणाले. खवचटपणे नाही, खरंच तसंच वाटत होतं त्यांना. "तुमच्याच साइट फोटोत गवत आहे. माझी अडचण समजून घ्या. मी वर जाऊन काय सांगू? मॅडम हरवल्या होत्या?"

जिग्नेशला हसू आलं, त्याने ते खोकल्यात घातलं.

"त्या जागेला नाव काय आहे?" साहेबांनी विचारलं. "लोकल शब्द तर तुम्ही गोळा केलेत ना?"

मी वही उघडली. खोडलेलं बंदर. काठी, प्रश्नचिन्ह. "नक्की असं नाही. म्हणजे ज्याचे बांबू, त्याची काठी. रोझी आंटी बंदर म्हणतात, पण फिलू आंटींच्या मते बंदर तिकडे."

"म्हणजे नाव नाही."

"नाव आहे. पण एक नाही."

"मॅडम, नाव नाही, फोटो नाही, बांधकाम नाही." ते खरंच मऊ आवाजात बोलत होते. "माझ्याकडे अजून पाच मिनिटं आहेत. एखादं माणूस असेल तर विचारा. आत्ता, माझ्यासमोर."

साळवी सर पुढे आले. "लाव फोन, मधुरा," ते म्हणाले, आणि साहेबांसाठी खुर्ची ओढली. "बसा, साहेब. चहा सांगतो." जिन्यात जाऊन त्यांनी स्वतः हाक मारली. सर ऑफिसात कधी कोणाला चहा सांगत नाहीत.

मी फिलू आंटींना लावला. कॉलर ट्यूनवर चर्चचं गाणं. संपलं, परत सुरू झालं, मग बाईचा आवाज: आपण ज्यांना फोन केला आहे ते उत्तर देत नाहीत.

रोझी आंटींना लावला. बंद.

पास्कू अंकलना लावला. संपर्कक्षेत्राच्या बाहेर. बोटीवर असणार.

"नसतील तिथे कोणी," साहेब म्हणाले. "तेच म्हणतोय मी."

चहा आला. मी परत फिलू आंटींना लावला. फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला. गाणं सुरू झालं. सगळे ते ऐकत होते. जिग्नेश मॉनिटरसमोर बसला होता, पण त्याने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला होता. गाणं संपलं. बाईचा आवाज.

साहेबांनी कप खाली ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं.

"एकदाच शेवटचं, साहेब," मी म्हणाले, आणि ते हो म्हणायच्या आत लावलासुद्धा.

गाणं. गाणं. गाणं मध्येच तुटलं.

आधी नुसता कल्ला. खूप बायकांचे आवाज एकावर एक, टोपल्या आपटल्याचे आवाज, कोणीतरी कोणालातरी 'सरक की गं' म्हणून ओरडत होतं, कुत्रं भुंकत होतं, मागे समुद्र. मग अगदी जवळून दम लागलेला आवाज.

"कोण?"

"आंटी, मी मधुरा. ती नकाशावाली. तुम्ही आत्ता कुठे..."

"बोल लवकर, पोरी, काठीवर हाय मी," फिलू आंटी म्हणाल्या. "पाय ठेवायला जागा न्हाय हितं."